कोल्हापूर-सांगलीत घर घेताय? आधी त्या घराचा 'फूट' काढा

मी मूळचा सोलापूरकडचा. आमच्याकडे 'पाणी आलं' म्हटलं की घरातली सगळी माणसं हंडे-कळश्या घेऊन नळाकडे पळतात. कोल्हापुरात पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "पाणी आलं!" आणि मी खरंच बादली घेऊन खाली उतरलो. खाली गल्लीत पाणी होतं. त्यांना ते म्हणायचं होतं.

ते साल २०१९. घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. घर दाखवणाऱ्या एजंटानं छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, इथं पाणी येत नाही." पुढं कळलं, तो खोटं बोलत नव्हता. २००५ ला तिथं पाणी आलं नव्हतं आणि त्याच्या लेखी पुराचा इतिहास तिथंच संपत होता. २०१९ ला माझा पलंग पाण्याखाली गेला. तीन वर्षांनी स्वतःचं घर घेतलं, तेव्हा कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवून चार महिने घालवले. त्या चार महिन्यांत जे शिकलो ते नव्यानं इथं येणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरणं पंचगंगा आणि कृष्णेची आहेत, पण नदीकाठच्या कुठल्याही गावात ही रीत चालेल.

शेवटी हाती काय लागायला हवं तेही आधीच सांगतो. फक्त एक आकडा: नदीची पातळी किती फुटांवर गेली की पाणी आपल्या जोत्याला लागतं? बाकी सगळी खटपट त्या आकड्यासाठी.

आधी इथली भाषा शिका

पावसाळ्यात कोल्हापूरकर दोन गोष्टी हवामानासारख्या बोलतात: राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची संख्या. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचात मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत हेच काम आयर्विन पुलावर होतं. तिथं इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना.

हे फूट म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे. नवखा माणूस हमखास इथं फसतो. '५० फूट पाणी' वाचून पुण्यातले नातेवाईक फोनवर रडायला लागतात. पट्टीचा शून्य खाली नदीच्या पात्रात असतो, त्यामुळे ५० फुटांना एखाद्या गल्लीत गुडघाभर पाणी असेल, दुसरीत छातीभर आणि तिसरीत थेंबही नसेल. तसंच कोल्हापूरचे ५० फूट आणि सांगलीचे ५० फूट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन पट्ट्या, दोन शून्य.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसभर सुमारे साडेअकरा हजार क्युसेकनं पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. 'चार दरवाजे उघडले' ही बातमी आता तुम्हालाच आकड्यात वाचता येईल. कोयना धरण १०५ टीएमसीचं. तिथून काय सोडलं जातंय यावर सांगलीकरांची झोप ठरते.

आणि आपल्या डोक्यावरचा पाऊस बघून अंदाज बांधू नका. शहरात ऊन पडलेलं असताना नदी चढते, कारण पाऊस गगनबावड्यात आणि राधानगरीत पडलेला असतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती ते पाणी घेऊन येतात, प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पंचगंगा पुढं शहराला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर ती पंचगंगेचं पाणी घेत नाही. त्याला इथले लोक 'फूग' म्हणतात. पूर चढतो दोन दिवसांत आणि उतरायला आठवडा लावतो, त्यामागं बऱ्याचदा ही फूग असते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी मागं येतं की नाही हा वाद चहाच्या टपरीवर जरूर ऐका, रंगतदार असतो. पण घर घेताना त्याचा उपयोग नाही. पाणी कुणामुळे का येईना, आपल्या कितव्या पायरीपर्यंत येतं ते महत्त्वाचं.

सालं पाठ करा

कोल्हापुरात १९८९ आणि २००५ चे पूर पन्नास फुटांच्या आसपासचे. जुनी माणसं त्यांच्याच मापानं बोलायची. मग ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. लोक म्हणाले, असा पूर पुन्हा आपल्या हयातीत नाही. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ती ५६ फुटांच्या वर गेली.

सांगलीत क्रम उलटा. तिथं १९१४ आणि १९१६ च्या पुरांच्या आठवणी घराघरांत चालत आल्या आहेत. आयर्विन पूल उभा राहिला तो त्यानंतर, १९२९ साली. २००५ ला कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली, २०१९ ला ५७ च्या वर आणि २०२१ ला ५५ च्या आसपास. म्हणजे सांगलीत मोजायचं २०१९ चं पाणी आणि कोल्हापुरात २०२१ चं. चुकीचं साल धरलं तर फूट-दोन फुटांचा फरक पडतो आणि घरात तेवढ्या उंचीत फ्रिजची मोटर, वॉशिंग मशीन, दिवाण असं सगळं येतं.

२००५ पासून घेण्यासारखा एक धडा आहे. त्या पुरानंतर सांगलीतल्या अनेकांनी २००५ च्या खुणेवर हातभर उंची धरून जोती बांधली, सामान ठेवायला माळे केले. २०१९ चं पाणी त्या खुणेच्या सुमारे चार फूट वर आलं. २००५ ला वाचलेल्यांचं नुकसान २०१९ ला जास्त झालं, कारण ते हललेच नाहीत. 'मागच्या वेळी इथपर्यंतच आलं होतं' हे वाक्य पूरपट्ट्यात फार महाग पडतं.

विकणाऱ्याला विचारू नका, गल्लीला विचारा

'इथं पाणी येतं का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर नेहमी 'नाही' असं येतं. विकणारा सोडाच, शेजारीसुद्धा तेच सांगतो, कारण त्याच्या घराचाही भाव त्यात अडकलेला असतो. त्याऐवजी असं विचारा: "एकवीसला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं?" पाणी आलं होतं हे गृहीत धरून विचारलं की लोक बोलायला लागतात. नसेल आलं तर ठामपणे सांगतात: "इथं नाही, त्या पिठाच्या गिरणीपर्यंत होतं." तुम्हाला हवं असतं तेच, एक ठिकाण आणि एक उंची.

कुणाला विचारायचं? किराणा दुकानदाराला, कारण त्याचा माल भिजलेला असतो आणि तो ते विसरत नाही. गिरणीवाल्याला. म्हशी पाळणाऱ्याला, कारण जनावरं कधी आणि कुठं हलवायची हे त्याला पाण्याच्या आधी ठरवावं लागतं. गणेश मंडळाच्या पोरांना, कारण बोटी आणि जेवणाची पाकिटं त्यांनीच फिरवलेली असतात आणि त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतात. फोटो मागून घ्या. फोटोतल्या शटरवर किंवा विजेच्या खांबावर पाण्याची रेघ दिसते. तारीख आणि वेळ मिळाली तर सोनंच. मला एका आज्जींनी सगळ्यात अचूक माहिती दिली. त्यांनी दाराच्या चौकटीवर विळ्यानं खाच मारून ठेवली होती. "एकोणीसची ही, एकवीसची ही. पाणी अजून चढतंय का ते रात्री बॅटरीनं बघायचं होतं, म्हणून मारलेली."

मग डोळे वापरा. पूर आलेलं घर बोलतं. स्विचबोर्ड छातीच्या वर असतील आणि भिंतीत खालून वर गेलेल्या जुन्या पाइपची बुजवलेली रेघ दिसत असेल, तर वायरिंग एकदा बुडालेलं आहे. खालचे तीन-चार फूटच नवा रंग किंवा टाइल्स. वीज मीटरची पेटी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर नेऊन बसवलेली. इन्व्हर्टर माळ्यावर. लाकडी दारं खालून फुगून घासतात म्हणून रंधा मारलेला. गल्लीतल्या नव्या इमारतींचे तळमजले एकजात पार्किंगचे असतील, तर ती नुसती सोय आहे असं समजू नका.

गावठाणाची जुनी घरं कुठं आहेत तेही बघा. जुन्या लोकांनी उंचवट्यावर गाव बसवलं आणि नदीकडची मळी, म्हणजे काठची गाळाची जमीन, उसाला ठेवली. आज मळीत प्लॉट पडलेत. प्लॉटचं नाव अमुक पार्क असलं, तरी शेजारचा म्हातारा त्याला मळीच म्हणतो. त्याचं ऐका.

कागद: निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांना दोन पूररेषा आखतो. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध, तिथं नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामधलं क्षेत्र नियंत्रित, तिथं अटींवर परवानगी मिळते. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, उंच हवं.

हे कुठं बघायचं? महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. अर्जात स्पष्ट लिहा: 'सदर मिळकत निळ्या व लाल पूररेषेच्या संदर्भात कोठे आहे, हे नमूद करावे.' हे लिहिलं नाही तर दाखल्यावर नुसतं 'रहिवास' येतं आणि तुम्ही खूश होऊन घरी येता. पाटबंधारे विभागाकडून त्या ठिकाणच्या पूररेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी मीटरमध्ये मिळते. सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तलाठ्यानं २०१९ आणि २०२१ ला त्या गल्लीत केलेल्या पंचनाम्यांची माहिती तहसील कार्यालयाकडे वेगळा अर्ज करून मागा. यादीत माणसांची नावं असल्यामुळे ती मिळेलच असं नाही, पण गल्लीतली किती घरं बाधित झाली एवढा आकडा पुरतो. 'इथं पाणी येत नाही' म्हणणाऱ्या गल्लीत चाळीस पंचनामे निघाले, तर पुढं बोलायचं काही उरत नाही.

नुसता सातबारा बघून पूर कळत नाही. एनए (बिगरशेती) झालंय, बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे सुरक्षित आहे, हाही गैरसमजच. बँकेचा वकील मालकी तपासतो, पाणी नाही. सांगलीत गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटांबाबत जास्त सावध राहा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं बांधकाम नियमित होतं, जमिनीची उंची वाढत नाही. शामरावनगरसारख्या भागात नदी लांब असूनही पावसाचं पाणी महिनोन्‌महिने हटत नाही, कारण त्याला वाटच नाही.

रेषांवर आंधळा विश्वासही नको. ती आकडेमोड आहे, आणि आकडेमोड तोवरच्या पुरांवर बसवलेली असते. २०१९ आणि २०२१ नंतर तो हिशेबच पुन्हा मांडायची वेळ आली. म्हणून विचारताना रेषा कुठल्या सालच्या आखणीची ते विचारा. जुनी असेल आणि तुमच्या गल्लीतल्या लोकांची खूण रेषेच्या वर असेल, तर खूण खरी.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनीही फसू नका. असा पूर आला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं नसतं. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेचा पूर त्याच वीस वर्षांत येण्याची शक्यता ५६ टक्के. हप्ते फिटायच्या आत घरात पाणी शिरणार की नाही याची नाणेफेक, आणि नाणंही थोडं पाण्याच्या बाजूनं झुकलेलं.

आता आकडा काढू

यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, एक टेप, खडू आणि सोबत एक माणूस.

गल्लीत २०२१ च्या पाण्याची खात्रीची खूण शोधा. एकाच माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, दोन-तीन ठिकाणच्या खुणा घ्या. इथं एक बारीक गोष्ट आहे. भिंतीवरचा गाळाचा पट्टा बहुतेकदा पाणी जिथं जास्त वेळ थांबलं तिथं उमटतो, सगळ्यात वर चढलं तिथं नाही. शिखर रात्रीतून येऊन दोन-चार इंच उतरलेलंही असतं. म्हणून पट्टा दिसला तरी माणसाला विचाराच.

नळीत पाणी भरा, मधे हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक खुणेजवळ धरा, दुसरं घ्यायच्या घराच्या जोत्याजवळ. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिरावलं की ती समान पातळी. एका टोकाकडचा माणूस नळी वर-खाली करून पाणी बरोबर खुणेवर आणतो, दुसऱ्या टोकाला तुम्ही खडूनं रेघ मारता. ती रेघ म्हणजे २०२१ चं पाणी तुमच्या घराला कुठं लागलं असतं ते. अंतर लांब असेल तर टप्प्याटप्प्यानं जा आणि उलट येऊन ताळा घ्या. दोन्हींत दोन इंचांपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

माझ्या बाबतीत रेघ जोत्याच्या दीड फूट खाली आली. २०२१ चं शिखर ढोबळ ५६ फूट धरलं, त्यात दीड मिळवलं, आला साडेसत्तावन्न. रेघ जोत्याच्या वर आली असती तर तेवढं वजा केलं असतं. समजा २०२१ ला घरात अडीच फूट पाणी होतं, तर त्या घराचा आकडा साडेत्रेपन्न.

मग त्यातून एक फूट सरळ कापा. कारण बंधाऱ्यावर एक फूट चढलं म्हणजे तुमच्या गल्लीत बरोबर एक फूट चढेलच असं नाही. नदीला उतार असतो, मधे पूल आणि रस्त्यांचे भराव असतात. शक्य असेल तर २०१९ ची खूणही मोजा. बंधाऱ्यावरच्या दोन शिखरांत जेवढा फरक होता तेवढाच गल्लीतल्या दोन खुणांत निघाला, तर तुमचं गणित जमलंय. मी हिशेबाला साडेछप्पन्न धरतो.

मोबाइलवरच्या नकाशात दिसणारी उंची या कामाला वापरू नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपला सगळा खेळ फुटांचा आहे. उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग वेगळा. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर पुराच्या काळातले नकाशे बघून पाणी कुठवर पसरलं होतं याची कल्पना येते. पण दाट वस्तीत, इमारतींच्या मधलं पाणी उपग्रहाला नीट दिसत नाही. तिथं कोरडं दाखवलं म्हणून कोरडं समजू नका.

मोकळा प्लॉट असेल किंवा पैसा मोठा गुंतणार असेल, तर सर्व्हेअर बोलावून समुद्रसपाटीपासूनची लेव्हल काढून घ्या आणि ती पाटबंधारे विभागानं दिलेल्या लाल रेषेच्या पातळीशी ताडून बघा. घराच्या किमतीपुढं तो खर्च किरकोळ आहे.

नदी लांब, पण नाला?

कोल्हापुरात पाणी दरवेळी नदीकडून चालत येत नाही. जयंती नाला आणि दुधाळी नाला पावसाळ्यात उलटे वाहतात. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, ते शहरात मागं सरतं. शाहूपुरीत पूर म्हणतात तो पुष्कळदा असा, नाल्याच्या वाटेनं आलेला. सुतारवाडा हे पातळी चढली की बातमीत सगळ्यात आधी येणारं नाव. तिथल्या कुटुंबांचं स्थलांतर म्हणजे बाकी शहराला मिळालेली सूचनाच.

म्हणून घरापासून नदीचं अंतर विचारू नका. जवळच्या नाल्याचं, ओढ्याचं अंतर आणि त्याचा काठ जोत्याच्या किती खाली आहे ते बघा. ओढा बुजवून प्लॉट केलाय का ते जुन्या गाव नकाशावर दिसतं. नकाशावर ओढ्याची रेघ आहे आणि जागेवर सिमेंटचा रस्ता, म्हणजे ओढा रस्त्याखाली पाइपात आहे. मोठ्या पावसात तो पाइप पुरत नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं जो हाहाकार केला तो नदीच्या पुरानं नव्हे. नदीचा पूर तुम्हाला दोन दिवस देतो, ओढा दोन तास देत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. दारातून पाणी यायच्या आधी ते संडासातून आणि न्हाणीघरातून येतं. ड्रेनेज चेंबरची पातळी जोत्याच्या खाली असते, त्यामुळे घराभोवती पाणी नसतानाही आत उकळी फुटावी तसं पाणी वर येतं. मैल्यासकट. घराच्या ड्रेनेज लाइनला पाणी मागं येऊ न देणारी झडप आहे का बघा. नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या. दुरुस्तीच्या यादीत तिला पहिला नंबर.

घर कोरडं, पण बेट

साडेसत्तावन्नचा आकडा निघाला म्हणून मी खूश होतो. मग एका मित्रानं विचारलं, "तुझ्या घरातून बाहेर पडायचा रस्ता कितीला जातो?" मोजला. माझ्या गल्लीचं तोंड त्रेपन्नला जातं. म्हणजे घर कोरडं राहील, पण काही दिवस मी, बायको, आई आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आतच.

म्हणून दोन आकडे काढा, जोत्याचा आणि रस्त्याचा. दवाखाना कुठल्या बाजूला आहे ते बघा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला, दूध, भाजी, पेट्रोल सगळं अडलं. शिंगणापूर उपसा केंद्र बुडालं तसं शहर पाण्यानं वेढलेलं आणि नळ कोरडे, अशी गत झाली. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कोल्हापुरात सोलापूर भेटलं, टँकर आला आणि मी हंडा घेऊन पळालो. घराला बोअर आहे का, असेल तर त्याचं तोंड पुराच्या पातळीच्या वर आहे का, वरच्या मजल्यावर टाकी किती लिटरची, हे घर बघतानाच विचारा.

विमा, थोडक्यात

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर येतो. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरवा. बाजारभावात जमिनीची किंमत येते आणि जमीन वाहून जात नाही. कर्जासोबत बँकेनं 'विमा' म्हणून जे विकलेलं असतं ते बऱ्याचदा तुमच्या आयुष्याचं असतं, घराचं नव्हे. कागद काढून वाचा.

पाणी उतरल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. फेकणं भागच असेल तर आधी एकेका वस्तूचा फोटो काढा. बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह तर अजिबात नको. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली की होणारं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

सरकारी सानुग्रह मदत मिळते, पण ती गाळ काढायला आणि चार दिवसांच्या जेवणाला पुरते. तिच्या भरवशावर तळमजला घेऊ नका.

आकडा वाईट निघाला तर?

लगेच घर सोडून द्या असं मी म्हणणार नाही. अर्धी शहरं नदीकाठी वसलीत आणि तिथं माणसं मजेत राहतात. पण आकडा भावात उतरवा. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात आकडा पन्नासच्या खाली असलेला तळमजला राहायला घेऊच नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. पन्नास ते छप्पन्नमध्ये असेल तर वरचा मजला घ्या, किंवा तळमजला घेतलात तर तो बुडणार असं धरून सजवा: स्विचबोर्ड वर, प्लायवूडचं फर्निचर नको, ओटा आणि कप्पे कडाप्प्याचे, खाली लाकडी फरशी तर नकोच. छप्पन्नच्या वर असेल तर रस्त्याचा आकडा बघून ठरवा. सांगलीत हेच गणित सत्तावन्न धरून करा.

आणि राहायला गेलात की पहिल्याच जूनमध्ये उलटी मोजणी ठरवून ठेवा. आमची अशी आहे. राजाराम ४३ झाला की गाडी उंचावरच्या मित्राच्या दारात. ४७ ला कागदपत्रांची पेटी, औषधं आणि सिलिंडर वरच्या मजल्यावर. ५० ला आई बहिणीकडे. रस्ता त्रेपन्नला जातो आणि २०२१ ला पाणी फार झपाट्यानं चढलं होतं, म्हणून तीन फुटांची सवलत. रोजची पातळी जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात येते. त्यात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी अशी ओळीनं नावं असतात. सांगलीकरांनी आयर्विनच्या आधी कराडचे पूल, बहे, ताकारी, भिलवडी बघायचे. वरचं पाणी आधी तिथं दिसतं. एक आकडा बघून काही कळत नाही. तीन तासांपूर्वीचा आणि आत्ताचा, दोन्ही लिहून वजाबाकी करा.

आमच्या दारामागं आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन आकडे लिहिलेत, ५३ आणि ५६॥. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर लातूरचं एक नवं जोडपं राहायला आलं. पहिल्या पावसात त्यांनी विचारलं, "काका, इथं पाणी येतं का?" मी त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं आणि मागची बाजू दाखवली.